एकशेचाळीस ग्रॅम बटाटा

बटाटा! अहो, उकडलेला बटाटा! तोसुद्धा गार! वर दोन चमचे दही, आणि मीठ म्हणाल तर लांबून दाखवलेलं! आणि हे असलं माझी बायको चाटूनपुसून खाते, डब्याच्या कडेला लागलेलं बोटानं निपटून खाते, आणि मी… ज्यानं एकतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज चारशे माणसं जेवू घातली तो मी… हातात गरम रश्श्याची वाटी घेऊन दारात उभा! तर म्हणते, "नको हो, वासच नको वाटतो." वास नको वाटतो! तुम्हाला सांगतो, आमच्याकडे संप झाला होता ना, तेव्हा माणसं सकाळभर गेटवर उभी राहून मालकाचा उद्धार करायची, आणि बाराच्या ठोक्याला माझ्या पातेल्यातला लसूण तडतडला की फलक भिंतीला टेकवून मुकाट आत येऊन बसायची. त्या वासाला माझी बायको नाकाला रुमाल लावते!

आता मी जळतो असं समजू नका हं. मी कशाला जळू? मी आपलं विचारतोय.

झालं असं की, बायकोला कॅन्सर निघाला. हसत सांगतोय म्हणून रागावू नका, रडून सांगायचं होतं तेवढं पहिल्या महिन्यातच सांगून संपलं. तर डॉक्टर म्हणाले, केमोचे सहा डोस, दर तीन आठवड्यांनी एक. मग चष्मा नाकावर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि असे, अगदी असे सावकाश बोलले, "हे बघा, औषधाचं मी बघतो. तुम्ही फक्त एक बघायचं. यांचं वजन उतरू द्यायचं नाही. फार उतरलं तर डोस पुढे ढकलावा लागेल, आणि डोस पुढे गेलेला मला परवडणार नाही." मी खुर्चीत ताठ बसलो. म्हटलं, म्हणजे जेवू घालायचं? एवढंच? अहो, त्या सगळ्या सुया, नळ्या, रिपोर्ट, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, रात्रंदिवस वाटत होतं की मी काय कामाचा, नुसता पिशव्या धरायला! आणि अख्ख्या आजारात नेमकं माझ्या हातचं एक काम निघालं!

घरी आलो तो बाजार घेऊनच आलो. कोंबडी, अंडी, लोणी, लसूण… एक गंमत सांगतो, मला एका माणसाचा स्वयंपाक येत नाही. हाताला चारशेची सवय. कितीही आवरून केलं तरी बारा माणसांचं होतं. तर केला रस्सा. हाडं दोन तास मंद आचेवर, कांदा लोण्यात असा लाल होईपर्यंत… जाऊ दे, तुमच्या तोंडाला पाणी सुटायचं. वाटी नेऊन समोर ठेवली. बायकोनं वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, उठली आणि मोरीत गेली. परत आली ती भिंतीला धरून. म्हणाली, "खिडकी उघडाल का?"

दुसऱ्या दिवशी अंड्याचं कस्टर्ड. "लोखंड चाटल्यासारखं लागतंय." तिसऱ्या दिवशी मऊ भात, वर लोणी. "थोडं राहू दे बाजूला." चौथ्या दिवशी मासा वाफवला, पाचव्या दिवशी भोपळ्याचं सूप, आणि सहाव्या दिवशी मी नुसताच ओट्याला टेकून उभा! अहो, हीच ती बाई बरं का! आमच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती, माझी तिची ओळखच मुळी वाढायच्या खिडकीतून झाली. तिसऱ्यांदा ताट पुढे करून म्हणाली होती, "उरलं असेल तरच हं." उरलं असेल तरच! तिच्यासाठी मी त्या दिवशी मॅनेजरचं राखून ठेवलेलं वाढलं होतं. आणि आता उरतंय ते सगळंच उरतंय, कोपऱ्यापर्यंतची कुत्री मला ओळखायला लागली.

दोन डोस झाले आणि साडेतीन किलो गेले. डॉक्टर वजनकाट्याकडे बघून म्हणाले, "अजून एक किलो गेला, तर मला थांबावं लागेल." मी घरापर्यंत तिचा हात सोडला नाही. एवढं भ्यायलो होतो मी.

आणि इथं तो आला! समोरच्या दारातला. वजनमाप खात्यातून निवृत्त झालेला इन्स्पेक्टर. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासत फिरला. तोंडावर मी त्याला साहेब म्हणतो, मनात मापाडी. एकटाच राहतो. स्वयंपाक करतो म्हणजे काय, पदार्थ पाण्यात टाकतो आणि तो मरेपर्यंत वाट बघतो. चहाची पावडर काट्यावर मोजून घेणारा माणूस, ह्याच्या जिभेला चव माहीत असणार? तर मी औषधं आणायला गेलो होतो, तेवढ्यात हा डबा घेऊन आला. नाकात बोलतो, असा, "वहिनी, बटाटा एकशेचाळीस ग्रॅम. दही साठ ग्रॅम. एक अंडं कुस्करून, कारण प्रथिनं हवीत. पूर्ण गार केलंय, वाफ नाही म्हणजे वास नाही. आणि हा लाकडी चमचा, धातूचा नको, तोंड कडू होतं." मी परत आलो तर डबा धुऊन पालथा! म्हटलं, कोणी खाल्लं? बायको म्हणाली, "मी." तुम्हाला सांगतो, मला आनंद झाला. खरंच झाला. साधारण पाच मिनिटं टिकला.

कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला बेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि ऐका पुढे… पावणेअकरा वाजले की ही उठते, कपाट उघडते आणि डोक्याला धुतलेला, निळा, इस्त्रीचा रुमाल बांधते! माझ्यासमोर सकाळपासून टकलावर हात फिरवत हिंडते, आणि त्या बटाट्यासाठी रुमाल! आरशात बघून! मग तो समोर बसणार, वहीत लिहिणार. "काल एकशेदहा संपलं होतं वहिनी, आज एकशेतीस. प्रगती आहे." आणि ही हसणार! माझ्या कस्टर्डला कधी हसली नाही.

मी जळत नाही. जळणारा माणूस वेगळा असतो, तो तोंडावर दाखवतो. मी फक्त दार जरा जोरात लावायचो.

तिसऱ्या डोसाच्या वेळी काट्यावर उभी केली, तर वजन आठशे ग्रॅम वर! डॉक्टरांनी उठून माझा हात हातात घेतला. "वा! घरात स्वयंपाकी असल्याचा हा फायदा!" मी मान खाली घालून म्हटलं, "आपलं… करतो थोडंफार." बायको खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती! माझ्या वाट्याला आलेलं श्रेयसुद्धा त्या बटाट्याचं उष्टं! रस्ताभर मी मनात घोकत होतो, त्याच्यात आहे काय एवढं? एकदा डबा धुताना कडेचा एक कण चाटून पाहिला. अहो, काहीच नव्हतं! ओला पुठ्ठा मी खाल्लेला नाही, पण खाल्ला तर असाच लागेल.

मग एक दिवस देवानं संधी दिली. चौथा डोस होऊन आठवडा झाला होता. मापाड्याची दाढ दुखत होती, जिन्यात भेटला तो गाल धरूनच. म्हणाला, "मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, तेवढा डबा वहिनींना द्याल?" देतो की! स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि त्याचा बटाटा काढून ठेवला बशीत. त्याच्या जागी माझा! पण अगदी तसाच हं. तेवढाच कुस्करलेला, तसाच गार, वर तसंच दही, मध्ये अंडं. फक्त तो कोंबडीच्या गाळलेल्या पाण्यात शिजवलेला, त्यात दाण्याएवढं लोणी, आणि भाजलेल्या लसणाची एकच पाकळी, चोळून काढून टाकलेली… म्हणजे लसूण नाही, लसूण येऊन गेल्याची बातमी. डबा त्याचा. चमचा त्याचा. मी चेहरा सरळ ठेवून आत गेलो. "साहेबांनी दिलाय."

निळा रुमाल बांधून बसली होती. पहिला चमचा तोंडात घातला… आणि थांबली. आता बघा, या बाईच्या तोंडात फोड आलेले, चहा, पाणी, औषध सगळं तिला एकच लोखंड लागत होतं. तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, "हे तुम्ही केलंय."

काय सांगू तुम्हाला! माझं मन मोरासारखं नाचायला लागलं! ओळखला माझा हात! एका चमच्यात! मी म्हणणार होतो, बघ, आहे की नाही फरक… तर ती रडायला लागली. रागानं. "अडीच महिने मी जिवापाड सांभाळलं, आणि तुम्ही आज सगळं पाण्यात घालायला निघालात!" म्हटलं, अगं, काय सांभाळलंस? तेव्हा कळलं. पहिल्याच दिवशी, मी औषधांच्या खिडकीसमोर रांगेत उभा होतो तेव्हा, तिथल्या आहार सांगणाऱ्या मुलीनं हिला बसवून सांगितलं होतं. मळमळीच्या दिवसांत जे खाल त्याच्यावरून मन उडतं. बरं झाल्यावरही त्याची शिसारी राहू शकते, एखाद्याला कायमची. "माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाई," बायको म्हणाली, "त्यांना संत्रं म्हणजे जीव की प्राण. पहिल्या डोसाला संत्रीच खाल्ली, आता नुसतं साल दिसलं तरी उठून जातात. ती मुलगी म्हणाली, तुमच्या अगदी आवडीचं असेल ना, ते या दिवसांत खाऊ नका, राखून ठेवा. आता मी काय राखून ठेवायचं हो? माझ्या आवडीचं दुसरं काय आहे? तुम्ही करता तेच ना सगळं?"

मी खाटेच्या कडेवर बसलो. म्हटलं, "आणि साहेबांचा बटाटा?"

"त्याची शिसारी बसली तर बसू दे की! त्याच्यावाचून कोणाचं अडलंय? तुमच्या हातचं मला अजून वीस वर्षं खायचंय."

म्हटलं, "मग मला सांगायचं ना बाई!" तर डोळे पुसत म्हणते, "तुम्हाला? तुम्ही म्हणाला असतात, माझ्या रश्श्याची शिसारी या जगात कोणाला बसूच शकत नाही, आणि तेच खरं करून दाखवायला दुसऱ्या दिवशी दोन वाट्या आणल्या असत्यात." आणि तुम्हाला सांगतो, अगदी तेच वाक्य माझ्या ओठांवर होतं. गिळलं. मी डबा उचलला, स्वयंपाकघरात गेलो, बशीतला बटाटा परत त्यात भरला आणि आणून दिला. तिनं खाल्ला. मी आत जाऊन पालथ्या पातेल्यापाशी मनसोक्त रडलो. वीस वर्षं म्हणाली हो! डॉक्टरनं असा आकडा कधी काढला नव्हता.

तेव्हापासून मीच साडेदहाला समोरची बेल वाजवायला लागलो. "साहेब, झाला का?" मापाडी चकित! आता जळायचं कारणच संपलं. तरी एक राहिलंच होतं मनात, म्हणून एकदा विचारलं, "पण तो निळा रुमाल गं?" तर म्हणाली, "मग परक्या माणसासमोर टक्कल घेऊन बसू? तुम्ही घरचे." हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

असो. सहा डोस झाले. वजन शेवटपर्यंत टिकलं, एकही डोस पुढे गेला नाही. गेल्या महिन्यातला रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, सध्या काळजी नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोंडाला चव येत गेली हळूहळू, आणि एका दुपारी ही आपणहून ओट्यापाशी आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "उरलं असेल तर…" दोन वाट्या! दोन वाट्या खाल्ल्या माझ्या बायकोनं, आणि मी समोर बसून नुसता बघत होतो.

संपलं? कुठलं संपतंय! अकरा वाजता बेल वाजली. मापाडी! डबा! त्याला कोण सांगणार? आणि बायकोला त्या बटाट्याची बसली की हो शिसारी, पुरती बसली! दाराबाहेर त्याचं पाऊल वाजलं की ही मोरीत पळते. आठ दिवस मी सांगत होतो, वहिनी अंघोळीला गेल्यात. रोज अकराला अंघोळ! पण त्याचं मन कसं मोडायचं? त्या माणसानं माझी बायको ग्रॅमग्रॅमनं तोलून परत दिलीय मला. शेवटी हिनंच डोकं चालवलं. मोरीचं दार इंचभर उघडून म्हणाली, "साहेब, मी आता बरी आहे, पण ह्यांनाच तुमच्या डब्याची चटक लागलीय. मेले लाजतात बोलायला!"

मापाड्याचे डोळे भरून आले. आत येऊन बसला, वही उघडली. आता रोज अकराला ही स्वयंपाकघरात माझा रस्सा भुरकत असते, त्याचा आवाज बाहेर येतो, आणि मी इथं लाकडी चमच्यानं गार बटाटा खातो, शेवटच्या घासापर्यंत, कारण तो उरलेलं मोजतो. काल विचारलं त्यानं, "मीठ बरोबर आहे ना?" एकतीस वर्षं, चारशे माणसं! मी म्हटलं, "उत्तम." तर वहीत खूण करून म्हणतो, "तुमच्या अंगाला एकशेचाळीस पुरत नसणार. उद्यापासून दोनशेऐंशी आणतो."

आणि आतून भरल्या तोंडानं आमची ही, "आणा हो साहेब, जरूर आणा!"