ममाचा पलंग आणि सर लोरीचा घाट

…नाही, पण मला एक सांगा, एक जुनी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, बघायला सतरा माणसं कशाला लागतात? विकणारा एक, घेणारा मी एक, फार तर माझी बायको, कारण तिच्याशिवाय मी चपलासुद्धा घेत नाही. झाले तीन. पण आमच्या मिचेल्स प्लेन वस्तीत कोणी एकट्यानं जाऊन काही विकत घेतलं की शेजारी विचारतात, का रे, घरात भांडण झालंय का? त्यामुळे तीन गाड्या, सतरा माणसं, चिकन करीची दोन पातेली, रोट्यांचा डबा, घडीच्या खुर्च्या, असा सगळा लवाजमा. आणि तुम्हाला सांगतो, त्या सतरा जणांत घाबरलेला मी एकटा. म्हणजे मी भित्रा नाही हं. मला फक्त माहिती असते.

माहिती का असते, तर सव्वीस वर्षं मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर काढलीत. तुम्ही अपघाताची बातमी वाचता आणि पान उलटता. मी त्याचे फोटो बघतो, आठ बाजूंनी. कॅरव्हॅन म्हटलं की तुम्हाला नदी दिसते, शेकोटी दिसते, मटण भाजलेलं दिसतं. मला काय दिसतं? गॅसची तडकलेली नळी. कॅरव्हॅन ओढायचा झिजलेला हुक. वाऱ्यानं आडवी झालेली कॅरव्हॅन, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभा असलेला मालक, हाफ पँटमध्ये. नेहमी हाफ पँटमध्येच असतो तो, कुणास ठाऊक का. माझी बायको बेरेनिस म्हणते, "नेविल, तू ना, आंघोळीला जातानासुद्धा वारसाचं नाव सांगून जातोस." सांगतो. त्यात वाईट काय आहे?

पण कॅरव्हॅन घ्यायचीच होती. दुसरा इलाज नव्हता. आम्ही दर ईस्टरला घाटापलीकडे नदीकाठी तंबू ठोकतो, माझ्या लग्नाच्याही आधीपासून हे चालू आहे, जागासुद्धा तीच, निलगिरीच्या दोन झाडांमधली. आणि त्या तंबूचा मधला खांब म्हणजे माझी सासू, ममा. गुड फ्रायडेला ममाच्या हातचा आंबट-गोड मुरवलेला मासा खायला अख्खी छावणी आमच्या दारात. तर गेल्या ईस्टरला सकाळी ममा जमिनीवरच्या गादीवरून उठायला गेली, आणि उठता येईना. गुडघे वळेनात. मी, माझा मेहुणा क्लाइव, दोन भाचे आणि रस्त्यानं चाललेला एक अनोळखी माणूस, असं आम्ही तिला उभं केलं. ती हसली. म्हणाली, "पियानो हलवताय का रे?" आम्हीही हसलो. पण परत येताना पूर्ण रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही, आणि आमची ममा गप्प म्हणजे समजा रेडिओचं स्टेशन बंद पडलं.

मग जानेवारीत भांडी पुसता पुसता सहज म्हणावं तसं म्हणाली, "यंदा तुम्ही जा. मी घर सांभाळते." घर सांभाळते! काय आहे त्या घरात सांभाळायला? एक टीव्ही आणि एक कॅनरी पक्षी, तोही क्लाइवच्या बायकोचा. रात्री बेरेनिस पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "नेविल, ममा एकदा घरी राहिली ना, की ती राहिलीच. मग ती चर्चलाही जायची नाही, फाटकापर्यंतही यायची नाही. मला माहितेय माझी आई." खाट घ्या म्हणाल तुम्ही. घेतली, घडीची. ममा मधोमध बसली, खाट मिटली, ममा आत. तेव्हा खरा पलंग हवा, नेहमीच्या उंचीचा, आणि तो नदीकाठी न्यायला चाकं हवीत. म्हणजे कॅरव्हॅन. आणि आमचं बजेट असं की जी परवडेल ती माझ्याच फाइलमधून पळून आलेली असणार.

पहिली बघितली जवळच, कुइल्स रिव्हर नावाच्या उपनगरात. बाईनं दार उघडलं आणि अत्तराचा असा भपका आला की ममा म्हणाली, "आत कोण गेलंय?" ओल लपवायची असली की लोक अत्तर मारतात, मी भित्रा नाही, मला माहिती असते. क्लाइवला सांगतोय, अरे भिंतीला हात लावू नकोस, तोवर त्यानं कोपऱ्यात अंगठा दाबला आणि अंगठा गेला भिंतीत. आरपार. पलीकडून त्या बाईच्या कुत्र्यानं चाटला. बाईनं काय म्हणावं? "हवेशीर आहे."

दुसरी बघितली तर विकणाऱ्यानं दार उघडलं आणि आत त्याचा जावई झोपलेला. "तो जाईल," सासरा म्हणाला. जावई पांघरुणातून म्हणाला, "मी कुठं जाणार?" मग दोघांचं आमच्यासमोरच जुंपलं. बेरेनिसनं त्या जावयाला दोन रोट्या दिल्या आणि आम्ही निघालो.

आणि तिसरी निघाली ग्रॅबोला. ग्रॅबो म्हणजे घाटापलीकडे, सफरचंदांच्या बागांत. आता हे कुणाच्याच डोक्यात येईना की तिथं घेतली तर ती ओढत सर लोरीच्या घाटातून खाली आणावी लागणार. त्या घाटात आग्नेयेचा वारा सुटला की काय होतं ते मला विचारा. नका विचारू, जाऊ दे. मी म्हटलं, "आपण घाटाच्या अलीकडची बघू या की, ईस्टरचा घाट ईस्टरला." क्लाइव म्हणतो, "रिलॅक्स, नेविल. मी आहे ना. माझ्या पिकअपनं ओढू." बरं. आणि त्या दिवशी क्लाइव काय घेऊन आला? मित्राची व्हॅन. का, तर सतरा माणसं पिकअपमध्ये मावत नाहीत. आणि त्या व्हॅनला हुक नाही. हुक होता फक्त माझ्या गाडीला, आधीच्या मालकानं लावलेला. मी आजवर त्यावर फक्त नडगी आपटलेली.

तिथले म्हातारे, मिस्टर लाटेगन, फार सज्जन माणूस. सतरा जण उतरताना पाहून आधी फाटक लावायला गेले, मग रोट्यांचा वास आला तसं उघडलं. म्हणाले, "बायको होती तोवर जायचो. आता मी एकटा कुठं जाऊ?" कॅरव्हॅन जुनी, पण नीट ठेवलेली. तरी मी खोट शोधायला घेतली. तुम्हाला खरं सांगतो, मनापासून शोधत होतो. एक खोट सापडली असती तरी माझी सुटका होती. छताचे सांधे बघितले, कोरडे. टायर वरून नवे दिसतात आणि आतून म्हातारे असतात, म्हणून वाकून त्यावरची तारीख वाचली, तर टायर खरंच नवे. गॅसची नळी नवी. आतली फळ्यांची जमीन सडलीय का बघायला कोपऱ्यात पाय आपटून बघतात, तर आमची मंडळी काय, सगळी एकदम आत शिरली आणि उड्या मारायला लागली. मी बाहेरून ओरडतोय, अरे एकेक, एकेक! जमीन हलली नाही. लाटेगन अंकल मात्र खुर्चीत बसले.

मग सगळ्यांना बाहेर काढलं आणि ममाला चढवलं. ती पलंगावर बसली. पाय जमिनीला टेकले. तिनं जरा वेळ खिडकीबाहेर बघितलं, मग दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, आणि उठली. स्वतःची स्वतः. कुणाचा हात नाही, काही नाही. परत बसली, परत उठली. बेरेनिस सफरचंदाच्या झाडाकडे तोंड करून उभी राहिली, नाक पुसत. आता तुम्ही माझ्या जागी असता तर घाटाचं नाव काढलं असतंत? मी म्हटलं, "घेऊ या, अंकल."

त्यानंतर लाटेगनच्याच अंगणात खुर्च्या मांडून जेवणं झाली, अंकलही दोन वाट्या करी जेवले. आणि निघायच्या वेळी क्लाइवची बायको आणि माझी धाकटी मेहुणी यांच्यात उरलेल्या रोट्या कोण नेणार यावरून वाजलं. ही म्हणे मी तिच्या गाडीत बसणार नाही, ती म्हणे बसवतोय कोण. झालं. या गाडीतली माणसं त्या गाडीत, त्यातली तिसऱ्या गाडीत, पोरं कुणाची कुणाकडे. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, मी हुकाशी होतो. हुक बसवला, साखळी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. अंकल म्हणाले, "बसलाय रे बाबा." मी म्हटलं, अंकल, मी भित्रा नाही, मला माहिती आहे. आणि तेवढ्यात सफरचंदाची झाडं एका बाजूला झुकायला लागली. वारा सुटला होता.

घाटमाथ्यापर्यंत ठीक. माथ्यावर आलो, खाली सगळा समुद्र पसरलेला, लोक तिथं थांबून फोटो काढतात, आणि मागून कॅरव्हॅननं मला पहिला धक्का दिला. मग डावीकडं ओढली. मग उजवीकडं. बस स्टॉपवर आईचा पदर ओढणारं हट्टी पोर असतं ना, तसं. मी पहिल्या गिअरमध्ये. मागे ट्रक, ट्रकमागे बस, सगळे भोंगे वाजवतायत. कठड्यावर माकडांची अख्खी टोळी बसली होती, ती आमच्या बरोबरीनं चालत आली थोडा वेळ, चालत! बेरेनिस म्हणाली, "नेविल, श्वास घे." मी मोठ्यानं प्रार्थना करत होतो. "हे आमच्या स्वर्गातल्या पित्या, तुझं नाव पवित्र मानलं जावो, वादळी वाऱ्यामुळे झालेलं नुकसान वगळून, तुझं राज्य येवो, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास…" पुढचं आठवेना. भीती म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. फोटोत ती नसते. ती पोटऱ्यांमध्ये असते.

पण आणली. आमच्या गल्लीत वळलो तेव्हा शेजारपाजार बाहेर येऊन उभा. हात स्टिअरिंगवरून सुटेनात, क्लाइवनं येऊन एकेक बोट सोडवलं. म्हणाला, "वाघ आहेस तू." आणि तुम्हाला सांगतो, एक क्षण मला वाटलं, असेनही.

तेवढ्यात बेरेनिस म्हणाली, "क्लाइव, ममाला उतरव आधी."

क्लाइव म्हणाला, "ममा तुमच्या गाडीत ना?"

"आमच्या कुठं? रोट्यांचं भांडण मिटवायला तुझ्या व्हॅनमध्ये बसली ना ती?"

दोघांनी तिसऱ्या गाडीकडं बघितलं. तिथली भाची रोट्यांचा डबा घेऊन उतरत होती, तिनं मान हलवली. मग सगळे वळले आणि कॅरव्हॅनकडं बघायला लागले. माझी सव्वीस वर्षांची सगळी माहिती एका दमात डोक्यात आली. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नसतो, कायद्यानं नाही, विम्यानं नाही, कशानंच नाही. पलंग मी दाखवला होता. दार मी लोटलं होतं. आत बघायचं राहिलं होतं. सगळं बघितलं मी, टायरवरची तारीख वाचली, आणि आत बघितलं नाही.

दार उघडलं. ममा पलंगावर उताणी. पर्स पोटावर, चर्चची टोपी भुवयांपर्यंत आलेली, दोन्ही हातांनी पलंगाच्या कडा धरलेल्या. डोळे उघडे. मला वाटलं संपलं. मग डोळे माझ्याकडे फिरले.

"पोचलो का?" म्हणाली.

मी म्हटलं, "ममा… तुम्ही झोपला होतात?"

"जरा पाठ टेकली होती. गाडी हलली तशी जाग आली. नंतर झोप कसली? त्या हेलकाव्यात मढं उठून बसलं असतं."

"मग हाक मारायची. भिंत ठोकायची."

"ठोकणारच होते. हातसुद्धा उचलला. मग म्हटलं, पुढं नेविल आहे. हा स्वतःच्या शिंकेला दचकतो. मागून ठकठक ऐकू आली तर सगळ्यांना घेऊन समुद्रात जाईल. म्हणून गप्प पडून राहिले." मग हळूच म्हणाली, "फार भ्याले रे मी."

मी पायरीवर बसलो. मला रडू आलं, सांगायला लाज कसली? अख्खा घाटभर मला वाटत होतं की घाबरलेला मी एकटा आहे. आणि ही म्हातारी मागे कडा धरून पडलीय, तोंडातून चकार शब्द नाही, का, तर जावई घाबरेल. आणि मला कळून चुकलं की संपलं सगळं. पलंग मिळाला, चाकं मिळाली, पण आता ही काही घाट पुन्हा बघायची नाही. घर सांभाळणार, कॅनरी सांभाळणार. तरी विचारलं. "ममा… ईस्टरला?"

ममानं टोपी सरळ केली. मांड्यांवर हात ठेवले. उठली. स्वतःची स्वतः.

"येणार तर. एवढा चांगला पलंग काय अंगणात कोंबड्यांसाठी ठेवायचाय? पण तुझ्या शेजारी नाही बसणार हो मी. सकाळी जाताना बसले होते पुढच्या सीटवर. तुझं तोंड बघून माझे पाय गार पडले. मागे निदान नुसतं छत दिसत होतं."

मी म्हटलं, "मागे कॅरव्हॅनमध्ये बसता येत नाही ममा, कायदा आहे, विमा आहे…"

"मग गाडीतच बसेन, पण तुझ्या पाठीमागं. आणि तो मधला आरसा फिरवून ठेव, त्यात तुझे डोळे दिसतात."

आता मागे कॅरव्हॅन असली की त्या आरशात तसंही काही दिसत नाही, म्हणजे नियमात बसतं. मी दोनदा तपासलं. तेव्हा ठरलं. ईस्टरला घाट चढायचा, मी पुढं, ममा माझ्या मागं, आरसा छताकडं. काल तिनं गाडी उभी असतानाच बसून बघितलं. बराच वेळ माझ्या मानेकडं बघत होती. मग म्हणाली, "हां. मागून तू चांगला धीराचा वाटतोस."

छप्पन्न वर्षांत मला धीराचा म्हणणारं पहिलं माणूस भेटलं, तर तेही मी वळून बघायचं नाही या अटीवर.