उकंडाचा पासवर्ड

— नाही, तो पाना टेबलावर ठेव आधी, मग बोल. हे टाइम ऑफिस आहे राजदीप, तुह्या घराची ओसरी नाही. बापाच्या जागेवर फिटर म्हनून घेतलं तुले कंपनीनं, अन् पहिल्याच दिवशी पाना घेऊन माह्या अंगावर येतो? सदाशिवराव म्हनतात मले. लोहाऱ्याच्या या कापसाच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षं झाले, तुह्यासारखे दहा जण कानाखाली देऊन सरळ केले मी. — ठेवत नाही? बरं, राहू दे हातात. पण दाराची कडी कायले लावली बे?

कंपनीच्या पत्रात काय आहे ते वाचलंच असन तू. तुहा बाप उकंडा कापूस दाबून गठाण बांधायच्या प्रेसमध्ये पट्टी बदलायले उतरला, बाहेर यायच्या आधीच त्यानं पोर्टलवर 'मी बाहेर आहे' असं दाबलं, म्हनून प्रेस सुरू झाली अन् तो दबून मेला. चूक त्याचीच. मी नाही म्हनत, कॉम्प्युटर म्हनते — त्याचंच नाव, त्याचाच पासवर्ड, दोन वाजून दहा मिनिटं. — आत असलेला मानूस बाहेर आहे असं कसा दाबन? अरे दाबतात लोक. घाईत काहीही दाबतात.

पहिले हे नव्हतं बाबू. पहिले फिटर मेन स्विचले आपलं कुलूप लावे, चाबी खिशात टाकून आत उतरे. तुह्या बापाचं पितळेचं होतं, मोठं. मग हेडऑफिसनं पोर्टल आणलं — हजेरी त्याच्यावर, सुट्टी त्याच्यावर, पगाराची चिठ्ठी त्याच्यावर, अन् मशीन बंद-चालू करायची परवानगीही त्याच्यावरच. कुलपं जमा करून घेतले. आता बेचाळीस मानसं, अर्ध्यायले स्क्रीनवर आपलं नाव सापडे ना — कोणाले पासवर्ड ध्यानात राहीन? म्हनून वहीत मी लिहून ठेवले. बरं, पोर्टल उघडायच्या वेळी मोबाईलवर आकडे येतात, ते टाका लागतात; अन् कापसाचं काम, आगीचं भेव, मोबाईल तर गेटवरच जमा सगळ्यायचे. मग मॅनेजर म्हनले, सदाशिवराव, सगळ्यायच्या नावापुढं तुमचाच नंबर टाका. टाकला. आकडे माह्याच मोबाईलवर यायले लागले —

असा पाहू नको. होय, त्याचेही माह्याच मोबाईलवर येत. होय, मी दाबलं. घे, ऐकलं? हेच ऐकायचं होतं ना तुले? पाळी बदलून राह्यलती, पोर्टलवर प्रेस लाल, म्हनजे बंद, लाल गेल्याशिवाय नवी पाळी चढत नाही, अन् तिकडून मॅनेजर फोनवर आईबहिणीवरून शिव्या देऊन राह्यला. मले वाटलं निघाला असन तो. इथून प्रेस दिसते का? पाय तूच खिडकीतून. दिसत नाही. मंग?

तुह्या बापाचंही चुकत होतं पण. आठ दिवस आधी सगळ्यायच्या समोर मले म्हने, माह्या नावापुढं माहा नंबर टाका, मोबाईल आत आणू द्या, माहं मी दाबीन, नाही तं माहं कुलूप वापस द्या. मले शिकवते? दिली एक थापड. टोपी तिकडं जाऊन पडली. त्यानं हात नाही उचलला, टोपी झटकली अन् गेला. उचलला असता तं बरं झालं असतं, दोन खाल्ल्या असत्या मी, मोकळं झालं असतं. तेव्हापासून बोललाच नाही माह्याशी.

अन् मीच धावलो ना पहिले? कापूस दाबल्याचा आवाज मले झोपेतही समजते, हा तो नव्हता. मीच बटन बंद केलं. गठाण अर्धी लाल. चौघांनी कापूस ओरबाडून काढलं त्याले — छाती राह्यलीच नव्हती, राजदीप — माहा सदरा जाळा लागला. अजूनही जेवताना हाताले वास येते मले. मी काही दगड नाही.

हे पाय, तुह्या मायसाठी, कांताबाईसाठी त्याच्या चपला ठेवल्या मी ड्रॉवरमध्ये, कागदात बांधून. नव्याच होत्या. सगळं भिजलं तिथलं, भिंतीवर उडालं, पण यायच्यावर एक थेंब नाही — प्रेसच्या तोंडाशीच काढून ठेवल्या होत्या त्यानं, माह्या पायात आल्या, म्हनून मी आधीच उचलून बाजूले —

आधी म्हनजे — नाही, नंतर. नंतर उचलल्या.

दाबायच्या आधी प्रेसमध्ये वाकून एक आवाज द्यायचा होता, एवढंच. दिला असता मी. पण तोच बोलत नव्हता माह्याशी आठ दिवस, मंग मीच कायले पहिले बोलू —

मोबाईल घे. आकडे आहेत त्याच्यात, तारीख आहे, वेळ आहे. वही घे. पत्र खोटं आहे असं लिहून देतो, सही करतो. कडी काढ अन् जा आता. चपला घेऊन घरी जा राजदीप. जा म्हनतो ना — पाना खाली —