बंदूक ठाण्यात, आबाराव घरात

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच प्रभावतीताई, मंचावरचे डॉक्टरसाहेब, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या आरोग्य केंद्राच्या केशर सिस्टर, आणि पंखा बंद असूनही जागेवरून न हललेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार, जय भीम!

मला दोनच मिनिटं बोला म्हणून सांगितलंय. ते काही जमेल असं वाटत न्हाई. आज मी इतका खूश आहे, की सकाळी फेटा बांधून आरशापुढून हलेना. आमच्या वच्छलाबाई म्हणाल्या, “अहो, सिस्टर रिटायर होऊन राह्यल्यात, तुमचं लगीन न्हाई!”

हसा, हसा. मला पण हसू येऊन राह्यलं.

माझा धाकटा भाऊ गोरक्षनाथ तुम्हाला आठवतो. आमची शेती एकत्र, जेवण एका ताटात. एका दुपारी मोटर चालू करायला गेल्ता, तिथंच छाती धरून बसला. पुन्हा उठला न्हाई. त्यानंतर माझं सगळंच थांबलं. भूक गेली, झोप गेली. लोक म्हणायचे, “आबाराव, हिंमत धरा.” कुठं धरायची हिंमत? तिला काय मूठ असते?

आणि घरात होती वडिलांची बाराबोरची बंदूक. रानडुकरांसाठी लायसनवर घेतलेली. खुंटीवर टांगलेली असायची. माझी नजर सारखी तिकडं जायची. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

एक दिवस सिस्टर घरी बीपी बघायला आल्या. पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि माझी नजर कुठं आहे ते बघितलं. वच्छलाबाईंसमोर सरळ विचारलं, “आबादादा, जीव द्यायचा विचार येतो का?”

सांगा मंडळी, असं कुणी कुणाला विचारतं का? विचारलं तर तोच विचार डोक्यात भरेल म्हणून सगळे भितात. पण मला वाटलं, छातीवरचं पोतं कुणीतरी उचललं. मी म्हणालो, “येतो.” वच्छलाबाई रडायला लागल्या.

सिस्टर म्हणाल्या, “रडा वहिनी, पण चप्पल घालून रडा. आपल्याला ठाण्यात जायचंय. बंदूक जमा करायची.”

मी चिडलो. “ज्याला मरायचं तो काहीही करीन. बंदुकीचा काय दोष?”

“सगळ्यांना असंच वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण डॉक्टर लोकांनी देशोदेशी बघितलंय. ज्या घरात बंदूक, त्या घरात अशी मरणं जास्त. हा विचार लाटेसारखा येतो दादा, आणि ओसरतो. बंदूक हाताशी असली, की ओसरायला वेळच मिळत न्हाई. ती दूर असली, की बहुतेक माणसं वाचतात आणि पुढं जगतात.”

मंग निघाली आमची वरात! स्कूटीवर पुढं सिस्टर, मधी मी, मागं वच्छलाबाई. बंदूक रिकामी करून गोधडीत गुंडाळलेली, माझ्या मांडीवर आडवी. नेमका बाजाराचा दिवस. कुणी विचारतं, “आबाराव, वीणा कुठं नेऊन राह्यले?” कुणी हात जोडतं! ठाण्यात हवालदारसाहेब म्हणाले, “काडतुसं कुठायत?” वच्छलाबाईंनी डबा पुढं केला. त्यांनी झाकण उघडलं, तर आत भाकरी आणि ठेचा. काडतुसांचा डबा घरीच राहिलेला! साहेबांनी डोक्याला हात लावला. पण त्यांनी शिपाई सोबत देऊन काडतुसं त्याच दिवशी जमा करून घेतली. ठेचा मात्र परत आला न्हाई.

पुढं जालन्याला डॉक्टर, गोळ्या, दर आठवड्याला सिस्टरांची चक्कर. लगेच बरा झालो असं न्हाई. कितीदा तरी ती लाट आली, आणि मी त्या रिकाम्या खुंटीकडं बघत बसलो. ओसरेपर्यंत बसलो. बंदूक असती, तर आज डोक्यावर फेटा नसता, फोटोला हार असता.

आणि एका संध्याकाळी मक्यात डुकरं घुसली. बंदूक न्हाई, मंग करायचं काय? मी पत्र्याचा डबा बडवत पळालो, वच्छलाबाई परात घेऊन. डुकरं राहिली बाजूला, वच्छलाबाई घसरून चिखलात बसल्या आणि मलाच शिव्या देऊन राह्यल्या! मी हसलो. गोरक्ष गेल्यापासून पहिल्यांदा हसलो. मला हसताना बघून वच्छलाबाई चिखलातच रडायला लागल्या, आणि मंग आम्ही दोघंही हसलो. मका अर्धा गेला. जाऊ द्या! बंदूक मी परत आणली न्हाई, लायसनही देऊन टाकलं ते टाकलंच.

सिस्टर, तुम्ही किती सुया टोचल्या त्या तुम्हाला ठाऊक. पण तुमच्या त्या एका प्रश्नामुळं मी आज इथं उभा राहून बडबड करून राह्यलो. ह्याचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

आता ताई घड्याळ दाखवतायत, आवरतो. बाहेर पंगत बसणार आहे, जिलेबी आहे. समोरच्यांपैकी कुणाच्या मनात असा विचार येत असेल, तर हात वर करू नका. नुसतं आपलं ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसा. मी सरळ विचारीन, तुम्ही सरळ सांगा. मंग जेवण करून आपण दोघं सिस्टरांकडं जाऊ. आजपासून त्यांना वेळच वेळ आहे!

बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त बोललो असेन, तर पोटात घाला. सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारची जागा मी धरून ठेवतो.