डबा पुसणारा माणूस

नाही, पण मला एक सांगा, हवा खराब झाली तर त्यात शिंप्याचा काय दोष? सकाळी दुकान उघडायचा अवकाश, की पाववाला दारात उभा. "काय हो, आज पुन्हा लाल?" जसं काही मीच तो दिवा लाल कापडातून कापून लावलाय... अहो, मी आपला डबा पुसणारा माणूस.

तुम्हाला सांगतो, थंडी सुरू झाली तेव्हा शहरातून एक मॅडम आल्या, हवा तपासणाऱ्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं असं, की नाही म्हणायला जागाच नाही. "काका, तुमची खिडकी वस्तीच्या मधोमध आहे, वीज आहे, आणि तुम्ही दिवसभर इथेच असता." दिवसभर इथेच असतो, हे बायकोने वीस वर्षं तक्रार म्हणून ऐकवलं, गुण म्हणून पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. विरघळलो. खिडकीबाहेर पांढरा डबा लागला, त्यावर आकडा आणि दिवा. हिरवा म्हणजे हवा चांगली, पिवळा म्हणजे बेताची, लाल म्हणजे वाईट. मी रोज धूळ पुसायची आणि दहा वाजता आकडा कळवायचा. संपलं.

आता आपण डोंगरातली माणसं, शहरातले लोक इथे छाती भरून श्वास घ्यायला येतात... आणि तिसऱ्याच दिवशी दिवा लाल. थंडीत धूर वर जातच नाही, दरीवर झाकण ठेवल्यासारखा बसून राहतो, हे मॅडमनी मला समजावलं. मी कोणाकोणाला समजावू? लॉजवाला आला, "पाहुणे बघतात हो, त्याच्यावर एखादं कापड टाका ना, तुमच्याकडे काय कमी आहे?" पाववाला म्हणाला, "माझ्या भट्टीवर डोळा आहे तुमचा." बाबांनो, मी आपला डबा पुसणारा माणूस.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण मॅडमनी हातात मावेल असं एक छोटं यंत्र पाठवलं, "काका, आता घराघरांत चुलीपाशी मोजा." गेलो. पाववाल्याची भट्टी, जिच्यावरून एवढा रुसवा, तिथे जेमतेम सव्वाशे. लॉजवर ऐंशी. शेवटी आमच्याच वरच्या मजल्यावर, दादाकडे. सख्खा मोठा भाऊ. वहिनी चुलीपुढे बसून खोकत होत्या. दोन वर्षं खोकतायत, विचारलं की म्हणतात, "वयाचं असतं, भाऊजी." यंत्र ठेवलं आणि आकडा चढायला लागला... दोनशे, तीनशे, चारशे बारा. मला वाटलं, बिघडलं. झटकलं, पुन्हा ठेवलं. चारशे तीस.

आणि ती चूल बांधलेली कोणी? दादाने, लग्नाच्या वर्षी, स्वतःच्या हाताने. गवंडी आहे तो, वस्तीतल्या निम्म्या भिंती त्याच्या. त्याला कसं सांगायचं, की सगळ्यात वाईट हवा तुझ्या घरात आहे? तीन दिवस मी आकडे लिहिलेल्या वहीचं ते पान उघडलं नाही. वरून खोकला ऐकू आला, की मशीन जोरात चालवायचो. लाज वाटते सांगायला, पण चालवायचो.

चौथ्या दिवशी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने आकड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "धाकट्या, माझ्या कामात खोट काढायला आलास?"

म्हटलं, "दादा, मी आपला डबा पुसणारा..."

"मग डबा पूस." आणि दार लावलं.

आठ दिवस बोलणं बंद. जिना एकच, त्यामुळे मी समोर आलो की हा भिंतीला कुठे भेग पडलीय का ते तपासायचा. नवव्या दिवशी वर ठोकाठोक ऐकू आली. जाऊन बघतो तर दादा चूल फोडतोय, डोळे लालबुंद. धुराने म्हणावं तर चूल विझलेली. वहिनी हळूच म्हणाल्या, "जाऊबाईंकडून यंत्र मागून घेतलं. यांना म्हटलं, आज चुलीपुढे तुम्ही बसा, आणि आकडा मला वाचून दाखवा."

दादा मान वर न करता म्हणाला, "दोन वर्षं ही इथे खोकत होती, आणि मी बाहेरच्या खोलीतून ओरडायचो, पाणी पी." मग लगेच, "उभा काय राहिलास? पाइप धर."

धरला. नवी चूल झाली, धूर बाहेर काढायला भिंतीतून आरपार धुराडं. पंधरा दिवसांत वहिनींचा खोकला निम्म्यावर आला. महिन्याभराने त्यांचं हसणं माझ्या दुकानात ऐकू यायला लागलं... चारशे तीसचे साठ झाले हो त्या स्वयंपाकघरात.

फक्त एक झालं. धुराडं निघालं ते रस्त्याकडच्या भिंतीतून, आणि थंडीत तो सगळा धूर उतरतो बरोबर माझ्या खिडकीवर. काल मॅडमचा फोन. "काका, तुमच्या डब्याचा आकडा अचानक एवढा का चढला?"

सांगून टाकलं, काय लपवायचं? त्या म्हणाल्या, "मग दादांना सांगा ना, धुराड्याचं तोंड दुसरीकडे फिरवायला."

म्हटलं, "सांगतो, मॅडम. पण आत्ता कुठे बोलायला लागलाय... चार दिवस बोलू दे."