सतरा नंबरची फ्लॉपी

तुमचं इंटरनेट नका सांगू मला! आमच्या रोह्यात लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवायची फुकटची सिस्टीम, पेणहून एस्टीनं आलं, गणपतीच्या मांडीला मांडी लावून. माझा मित्र निल्या पेणचा मूर्तिकार. मुंबईच्या पाहुण्याच्या सीडीवरून त्यानं मला वीस फ्लॉप्या भरून दिल्या, आणि आमची मूर्तीपण.

चतुर्थीला गणपती बसला, तसा मीही कॉम्प्युटरपुढे बसलो. आधीचं सगळं पुसून टाकलं. सोळा फ्लॉप्या झाल्या आणि सतरावी पिशवीतच नाय! निल्याला फोन लावला.

"ती व्हय? तुझा गणपती डुगडुगत होता, म्हणून खाली प्लास्टरनं चिकटवली. विसातली एखादी जास्तीचीच असेल म्हटलं."

"गाढवा, दुसरी भरून दे!"

"सीडी पाहुण्याबरोबर गेली."

मी मूर्तीला हात घालणार, तोच आई कडाडली, "खबरदार! बसलेला देव विसर्जनाआधी हलवायचा नाय."

पाच दिवस कॉम्प्युटर सतरा नंबर मागत होता. विसर्जनाला नदीवर मी मूर्तीखाली नखानं खरवडायला लागलो, तर आईनं हातावर फटका दिला. बाप्पा फ्लॉपीसकट पाण्यात गेले.

"पुढच्या वर्षी लवकर या!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठ्यानं मी ओरडलो, पण गणपतीला नाय, फ्लॉपीला.