जिवंत ठेकेदाराला श्रद्धांजली

ठेकेदारांच्या शिव्या मला नव्या नाहीत, पण म्हैसूरच्या या गृहस्थाची तऱ्हाच वेगळी. त्याने तळ्यात भराव टाकला, मी ब्लॉगवर फोटोसकट बातमी दिली. दुपारी त्याचा फोन आला.

"काय स्वामी, मला श्रद्धांजली वाहिलीत? घरी माणसं हार घेऊन आलीत. आधी ती बातमी काढा."

माझ्या स्क्रीनवर सगळं जागच्या जागी होतं. मुलीने दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडलं, तर त्याचा फोटो घसरून शेजारच्या शोकवार्तेखाली गेलेला.

"बाबा, कॉलमची रुंदी चुकलीय," म्हणत तिने तो पुन्हा बातमीत आणून बसवला.

मग मीच त्याला फोन केला. "तुम्ही जिवंत आहात, हा खुलासा आत्ता टाकतो. तळ्यात भराव टाकला नाही, हा खुलासा तुम्ही सहीनिशी पाठवा."

त्याने फोन ठेवला. माझा खुलासा ब्लॉगवर आहे, बातमीच्या अगदी खाली.