हाकेच्या अंतरावर

…नाही, पण मला एक सांगा, चढावर माणसाला कुणी प्रश्न विचारतं का? म्हणजे उतारावर विचारा, सपाटीवर विचारा, घरी जेवताना विचारा, पण इथे जीभ बाहेर आलीये, पाय आपले आहेत की उसने आणलेत ते कळत नाहीये, डोळ्यांसमोर फक्त माती आणि स्वतःचं पुढचं चाक, आणि वरच्या वळणापलीकडून आवाज येतो, "आहेस का गं?" आणि आपण ओ द्यायची, "आहे!" आता हे 'आहे' म्हणायला जेवढा श्वास लागतो ना, तेवढ्यात मी आणखी दोन झाडं पुढे गेले असते. पण नाही. नियम आहे.

तुम्हाला सांगते, ही डोंगरातली सायकलींची शर्यत जोडीची असते. हौशी लोकांचीच, पण नियम पक्के. दोघींनी आपापली सायकल हाणायची आणि वेळ धरायची ती मागून येणारीची. म्हणजे पुढची कितीही सुसाट गेली तरी रेघेजवळ जाऊन मागचीची वाट बघत बसणार. आणि दोघींनी सबंध वेळ हाकेच्या अंतरात राहायचं… का, तर जंगलात एक कुठे पडली, लागलं, तर दुसरीला कळायला नको? नियम चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण नियम करणाऱ्यानं आमच्या जाऊबाईंचा आवाज ऐकलेला नसणार. त्यांच्या हाकेचं अंतर म्हणजे अख्खी टेकडी.

जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या, आणि सासूबाई ज्या दिवशी जिथलं जेवण बरं तिथे. जाऊबाई लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी एक जादा ब्रेक असतो बघा, तो त्यांच्या पायाखाली. इतकी वर्षं तो ब्रेक दाबून दाबून अशी सवय झालीये की रात्री सगळे एकत्र जेवत असताना मी काही सांगायला लागले, म्हणजे "आज ना दुकानाच्या काचेवर उन्हाचा एक तुकडा…" एवढं म्हटलं, की टेबलाखाली त्यांचा पाय दाबला जातो. मला कळतं. माझा वेग वाढलेला असतो.

आणि मी? माझं चष्म्याचं दुकान. मागच्या बाजूला काळोखी खोली, भिंतीवर उजळलेली अक्षरं, आणि दिवसभर मी भिंगं बदलत विचारते, "हे स्पष्ट, की हे? हे… की हे?" आता असं अंधारात बसून दिवसभर हळू आवाजात बोललं की माणसाचं काय होणार, तुम्हीच सांगा. तंद्री लागते हो. चालत दुकानाला जायला निघाले की दुकान मागे टाकून पुढच्या पुलापर्यंत पोचायची मी. परत यायची, तर पुन्हा दुकान मागे. एकदा जाऊबाईंनी गाडीतून बघितलं, शिकाऊ माणसाला गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "तू नाहीतरी हवेतच असतेस. निदान खाली चाकं तरी असू देत." आणि संध्याकाळी जिन्याखालची त्यांची जुनी सायकल माझ्या दारात आणून उभी केली. झालं, अडकले मी.

मग सुरू झालं शिकवणं. "नजर समोर, हात ढिले, घाबरायचं नाही. दगडाकडे बघायचं नाही, दगडाकडे बघितलंस की सायकल दगडावर जाते. जिथे बघशील तिथे जाशील." बरं. दगडाकडे नाही बघितलं. झाडाकडे बघितलं. झाडच तसं होतं, सगळी पानं खालून पांढरी, वारा आला की अख्खं झाड उलटं झाल्यासारखं दिसायचं… गेले झाडात. पुढच्या वेळी तळ्याकडे बघितलं. आता तळ्याकडे बघायचं नाही तर तळं असतं कशाला? मी पाण्यात, सायकल काठावर, आणि वरून आवाज, "आहेस का गं?" म्हटलं, "आहे… पण ओली आहे." मला ओढून काढायला आल्या, तर त्याही घसरून पाण्यात. सासूबाईंनी दारातच आम्हा दोघींचे अवतार बघितले आणि म्हणाल्या, "दोन जावा एकत्र नांदतात हे ऐकून होते. एकत्र पडतातसुद्धा, हे आपल्याच घरात बघायला मिळालं."

पण तुम्हाला सांगते… हसू नका… ते वेड लागलं मला. चढ संपतो ना, तिथे एक क्षण असा येतो की पाय थांबतात आणि सायकल मात्र जातच असते. चाकाखाली वाळलेल्या पानांचा आवाज, कानात वारा, उन्हाचे कवडसे अंगावरून असे पळतात की आपण जातोय की जंगल जातंय तेच कळत नाही. नाव, गाव, दुकान, भिंगं, काही म्हणून काही उरत नाही. मला वाटतं, झोपेत माणूस जिथे जातो ना, ते इथेच कुठेतरी जवळपास असणार. आणि नेमकी तेवढ्यात हाक येते, "आहेस का गं?" अहो, नव्हते हो! मोठ्या मुश्किलीनं नव्हते! आता झाले परत.

तर असं सगळं ठीक चाललेलं. आणि एक दिवस दुकानात आली ती दातांची डॉक्टर.

ही बाई म्हणजे या शर्यतींमधली पहिल्या नंबरची. काटक, मुकाट, चढाला अशी जाते की मुंगी भिंतीवरून जावी. तिच्या जोडीदारणीचं मनगट मोडलेलं. ती आली नंबरचा गॉगल करायला, मी तिला खोलीत बसवलं, डोळ्यांवर ती तपासणीची चौकट चढवली, अक्षरं लावली, आणि ही एकदम शांतपणे म्हणते, "तुमच्या जाऊबाईंना मी विचारलंय, या वर्षी माझ्याबरोबर उतरता का म्हणून. तुमची काही हरकत नाही ना?" माझ्या हातात भिंग. मी म्हटलं, "हे स्पष्ट… की हे?" ती म्हणाली, "दोन्ही सारखंच." म्हटलं, हो ना, तुम्हाला सारखंच वाटणार. मला विचारा.

आता मला सांगा, हरकत कशाला असेल? जाऊबाई जोरकस, ती जोरकस, दोघी मिळून पहिल्या आल्या असत्या. माझ्याबरोबर त्यांना काय मिळतं? ओ. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. मला त्या सोडून जायला नको होत्या. साधी गोष्ट आहे, पण अशी गोष्ट जावेला जाऊन सांगणार कशी? "मला सोडू नका" हे माणूस नवऱ्यालाही सांगत नाही. मग मी ठरवलं, विचारायचं काहीच नाही, सराव करायचा. असा सराव करायचा की या वर्षी आम्ही पहिल्या तिघांत. मग कशाला सोडतील?

तुम्हाला सांगते, मेले मी. पहाटे उठून पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर वर, खाली, पुन्हा वर. पाऊस असला की घरात. ते एक स्टँड मिळतं, मागचं चाक त्यात अडकवायचं आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून पायडल मारायचं, जागच्या जागी. नवरा झोपलेला, मी अंधारात, चाकाची घरघर, आणि डोळे मिटले की मी चालले… पुलावरून, गवतातून, कधीही न बघितलेल्या एका गावावरून. नवरा कूस बदलून विचारायचा, "कुठवर पोचलीस?" मी म्हणायची, "नदी ओलांडली आत्ताच." तो म्हणायचा, "मग येताना दूध आण." आणि पुन्हा घोरायला लागायचा. जाऊबाई बघत होत्या सगळं. डॉक्टरचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. नुसतं म्हणायच्या, "सुधारतेयस." बस.

आली शर्यत. आणि खरंच सांगते, तशी मी आयुष्यात चालवली नव्हती. डॉक्टरनं दुसरी कुणीतरी धरून आणली होती, त्या दोघी सुरुवातीलाच दिसेनाशा झाल्या. पण बाकीच्यांना आम्ही गाठत गेलो. वरून हाक, "आहेस का गं?" "आहे!" उतारावर, "आहेस का?" "आहे!" ओढ्यात, "आहेस?" "आहे आहे!" शेवटच्या पाण्याच्या टेबलावर तिथला माणूस म्हणाला, "तुम्ही तिसऱ्या आहात, आता फक्त पठार आणि उतार." तिसऱ्या! मी केळं सालीसकट खाणार होते.

पठारावर धुकं होतं.

आता जरा थांबा, हे नीट सांगायला पाहिजे. तुम्ही डोळे तपासायला गेला असाल तर त्या यंत्रावर हनुवटी टेकवल्यावर आत एक चित्र दिसतं, आठवतंय? सरळ रस्ता, दोन्हीकडे हिरवं, आणि पार टोकाला एक रंगीत फुगा. आधी धूसर, मग लख्ख, मग परत धूसर. तुम्हाला ते क्षणभर दिसतं. मी बसते पलीकडे, मला दिसतात फक्त तुमचे डोळे. तुमचे डोळे तो रस्ता बघतायत आणि मी आकडे बघतेय. इतकी वर्षं माणसं पाठवली मी त्या रस्त्यावर, आणि मला कितीदा वाटलंय, की आपणही एकदा जाऊन यावं. आणि त्या पठारावर तो रस्ता होता हो. तोच. सरळ, दोन्हीकडे गवत, टोकाला नुसतं पांढरं, बाकी काही नाही. धुकं यायचं, रस्ता पुसट. धुकं सरायचं, गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. फुगा नव्हता. पण त्याला जागा ठेवलेली होती.

पाय केव्हा थांबले मला माहीत नाही. एक पाय जमिनीवर टेकवून मी उभी. लांबून हाक आली, "आहेस का गं?" आणि मी म्हटलं, "आहे." शपथेवर सांगते, मी म्हटलं. पुन्हा हाक आली, पुन्हा म्हटलं. इतकी 'आहे' मी आयुष्यात कधीच नव्हते.

मग बाजूनं दोघी गेल्या. मग आणखी दोघी. मला वाटलं, किती छान चालल्यात. आणि मग समोरच्या पांढऱ्यातून कुणीतरी उलटं येताना दिसलं. सायकल हातात धरून, पळत. जाऊबाई. उतार अर्धा उतरून गेल्या होत्या, तो अख्खा परत चढून आल्या होत्या. तोंड पांढरंफटक. मला उभी बघितलं, सायकल टाकली आणि मटकन गवतात बसल्या. या बाईचा आवाज गेलेला मी पहिल्यांदा बघितला. दम खात म्हणाल्या, "ओ का नाही दिलीस?"

"दिली की."

"केव्हा?"

मी आठवून बघितलं. "मनात दिली असेल."

टेबलाखाली दाबतात तसा त्यांचा पाय गवतात दाबला गेला. मला रडूच आलं. म्हटलं, "जा आता तुम्ही त्या डॉक्टरबरोबर. मी काही म्हणणार नाही. तिसरा नंबर घालवला मी तुमचा."

"कुठल्या डॉक्टरबरोबर?"

"दातांच्या. तिनं विचारलंय ना तुम्हाला."

"तिला मी तेव्हाच नाही म्हटलं," जाऊबाई म्हणाल्या. "उभ्या उभ्या. एकदा गेले होते तिच्याबरोबर. दिवसभर एक शब्द नाही. घरी आले, सगळ्यांनी विचारलं कुठे गेला होतात, तर मला सांगताच येईना. अगं, मला काय दिसतं? दगड, मूळ, खड्डा, दगड. तू रात्री जेवताना सांगायला लागतेस तेव्हा मला कळतं आपण कुठून आलो ते. आता बोल, काय बघत होतीस?"

मी सांगितलं. फुग्यासकट सगळं. बाजूनं जोड्या जात होत्या, कुणी विचारत होतं, "लागलंय का?" आणि जाऊबाई हातानंच त्यांना पुढे जायला सांगत होत्या आणि त्या रस्त्याकडे बघत होत्या. धुकं पार निघून जाईपर्यंत बसलो. मग निघालो. रेघेवर पोचलो तेव्हा तिथली माणसं खुर्च्या एकात एक घालत होती.

पण येताना डोक्यात किडा वळवळला, तो वळवळलाच. म्हटलं, "तिला नाही म्हणालात ते ठीक, पण मग मला का नाही सांगितलंत? मी इथे जिवाचं रान करतेय, पहाटे उठतेय, घामानं चादर भिजवतेय, आणि तुम्ही बघताय?"

त्या पुढे बघतच म्हणाल्या, "सांगितलं असतं तर उठली असतीस?"

आता अशा बाईशी भांडणार कसं, सांगा मला! बरं, आता तर कळलं ना? सोडून जाणार नाहीत, कधी जाणारच नव्हत्या, सराव केला काय, न केला काय, मीच जोडीदार. म्हणजे आता माणसानं उन्हं येईपर्यंत ताणून द्यावी की नाही? पण कसलं काय… पहाटे जाग येते ती येतेच. आणि जागं होऊन नवऱ्याचं घोरणं ऐकत पडण्यापेक्षा, तुम्हाला सांगते, चढ परवडला.